तुमचे इंटरनेट तपासा

“तुमचे इंटरनेट तपासा आणि पुन्हा प्रयत्न करा.” हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या तोंडात बोळा कोंबावा, असं तिला त्या सकाळी वाटलं. पंचाईत एवढीच होती, की लिहिणारा समोरच्याच केबिनमध्ये बसायचा आणि तो तिचा साहेब होता.

डायलिसिस केंद्राची वेबसाइट तिची कंपनी सांभाळायची. मशीनवर बसायची वेळ त्या साइटवरूनच नोंदवावी लागे. नोंद नाही तर मशीन नाही. तिची आत्या त्याच मशीनच्या जिवावर जगत होती. आई गेल्यावर तिला लहानाची मोठी केली ती या आत्याने, त्यामुळे सकाळी आत्याचा रडवेला फोन आला तेव्हा तिने हातातलं काम टाकलं. कालपासून आत्या बटण दाबत होती. पान गरगर फिरायचं आणि इंटरनेट तपासा म्हणायचं. बिचारीने शेजारणीचा फोन मागून पाहिला, सिमकार्ड बदललं. आता तर ‘बनावट नोंदणीमुळे आपल्याला बंद करण्यात आले आहे’ असं आलं होतं. उद्याची वेळ हातात नव्हती आणि पायांना सूज चढायला लागली होती.

“माझंच काहीतरी चुकलं असणार गं,” आत्या म्हणाली. “तुझ्या कंपनीचं आहे ना ते? मग ते बरोबरच असेल.”

तिने साइटचा सर्व्हर उघडून पाहिला. आत्याचं इंटरनेट ठणठणीत होतं. सर्व्हर मात्र पेंगत होता. रडतखडत का होईना, दर खेपेला तो आत्याची वेळ नोंदवत होता. पण त्याचं उत्तर पोचायच्या आत पान कंटाळून वाट बघणं सोडायचं, म्हणजे टाइमआउट व्हायचं, आणि खापर इंटरनेटवर फोडायचं. आत्याने पुन्हा बटण दाबलं की दुसरी नोंद, मग तिसरी. शेवटी यंत्रणेने ठरवलं की ही बाई वेळा अडवून विकणारी दलाल आहे. तिच्या सगळ्या वेळा काढून घेतल्या आणि वर तिलाच बाहेर काढलं. असे आणखी पुष्कळजण बाहेर काढलेले होते, सगळे आजारी, बहुतेक म्हातारे. तक्रार करायची सोयही त्याच साइटवर होती, आणि बंद केलेल्या माणसाला साइट उघडतच नसे.

साहेबांना त्यांच्या पाठीमागे सगळं ऑफिस, गोड बोलण्यावरून, ‘साखर’ म्हणायचं. ती केबिनमध्ये गेली तेव्हा साखर चहात विरघळलेलं बिस्किट बोटाने काढून बोट चाटत होते. पान पूर्वी भरपूर वेळ थांबायचं, ती मुदत कमी कुणी केली, असं तिने विचारलं. साखर जराही ओशाळले नाहीत.

“मीच केली. सर्व्हरने उशिरा उत्तर दिलं की आपल्या कामगिरीच्या बोर्डावर लाल दिवा लागतो. पानाने आधीच नाद सोडला, तर तो उशीर आपल्या नावावर पडत नाही. केंद्रवाले बोर्ड बघतात, बाळ. आता कसा हिरवागार आहे.”

आणि ते हसले. शेवाळ हिरवं असतं तसा हिरवा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने माणसं अडकल्याचं सांगितलं, आत्याचंही सांगितलं. साखर लगेच हळहळले आणि त्यांनी चाटलेलं बोट शर्टाला पुसून कीबोर्डवर ठेवलं.

“आधी बोलायचं नाही का? आत्याचा नंबर दे, आत्ता उघडतो. बाकीच्यांचं बघू निवांत.”

निवांत! त्या शब्दाची तिला शिसारी आली. कान उपटून काढावेत असा माणूस समोर बसला होता, आणि तिला दिसत होते ते आत्याचे सुजलेले पाय. तिने नंबर दिला. साखरनी बटणं दाबली, वेळ मिळाली, आणि “थँक यू, सर” असं ती चक्क म्हणाली. नंतर बेसिनवर तिने कितीदा तरी चूळ भरली. तोंडाची चव गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात आत्याजवळ बसली होती. मशीन घरघरत होतं, आत्याचा चेहरा हळूहळू माणसात येत होता. शेजारचा पलंग रिकामा होता. तिथले मास्तर कधी म्हणून चुकवत नाहीत, असं नर्स सांगून गेली. फोनही कुणी उचलत नव्हतं.

“त्यांचंही इंटरनेट खराब असणार बघ,” आत्या म्हणाली.

तिला गप्प बसता आलं असतं. पण कालपासून गिळलेलं तिने सांगून टाकलं.

“कुणाचंच खराब नव्हतं, आत्या. तुझंही नाही. बिघाड आमच्याकडे आहे, आणि आम्ही तो मुद्दाम लपवून ठेवलाय.”

आत्याने मान वळवली. ती त्या रिकाम्या पलंगावरच्या घडी न मोडलेल्या चादरीकडे पाहू लागली.

“मग माझं एकटीचंच कसं उघडलं?” आत्याने विचारलं.