शांत झालाय

नलू विजयकर बोलायची. ठाकूरद्वारच्या घरात तिचे वडील म्हणायचे, आमच्या नलूला गप्प करायचं तर तिच्यापुढे ताट वाढावं लागतं, आणि तेव्हाही खात्री नाही. अशी ही मुलगी घरच्यांशी भांडून परळच्या एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला आली आणि छप्पन सालात तिची नेमणूक झाली ती नेमकी धनुर्वाताच्या खोलीत. तिथे कुजबुजायचीसुद्धा बंदी. देवाला कधीकधी असल्या गमती सुचतात.

धनुर्वाताच्या रोग्याला आवाज सोसत नाही, हे मीनाक्षी सिस्टरांनी तिला आल्याआल्या शिकवलं. चमचा बशीवर आपटला, दार करकरलं, की त्याचं सगळं अंग कमानीसारखं ताठतं, दातखीळ बसते आणि श्वास अडकतो. म्हणून खिडक्यांना काळे पडदे, बिजागऱ्यांना तेल, रोग्याच्या कानांत कापूस आणि नर्सच्या पायांत कापडी सपाता. “पाय टाकायचा नाही, ठेवायचा,” सिस्टर म्हणाल्या. “औषध डॉक्टर देतात. शांतता आपण द्यायची. ती आपली जबाबदारी.” नलूला आतल्या आत हसू फुटलं होतं. शांतता ही काय द्यायची वस्तू आहे?

मग दौलत आला आणि तिचं हसू पळालं. गिरणीच्या लूम खात्यातला तिशीचा उमदा गडी, पायात गंजका खिळा घुसल्याचं निमित्त झालेलं. बाहेर व्हरांड्यात कुणाच्या तरी हातून बादली पडली, आणि नलूच्या डोळ्यांदेखत त्याची पाठ खाटेवरून उचलली गेली. टेकलेलं होतं ते फक्त डोकं आणि टाचा. ओठ निळे पडले. सिस्टर त्याच्यावर वाकून झगडत होत्या आणि नलू भिंतीला चिकटून देवाचा धावा करत होती. कसाबसा श्वास परत आला. डॉक्टर दाराबाहेर येऊन हळूच म्हणाले, “आणखी एक असा झटका आला तर माणूस हातचा जाईल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे झोपेच्या इंजेक्शनाचा गुण आला. दौलतच्या मुठी सुटल्या, कपाळ सैल झालं, आणि तो लहान पोरासारखा झोपला. नलूला एवढं बरं वाटलं की तिनं पदराचं टोक तोंडात धरलं, नाहीतर ती ओरडलीच असती. आणि नेमक्या त्याच वेळी लालबागेकडून ढोल ऐकू आले.

मोर्चा येत होता. गिरणगाव त्या दिवसांत पेटलेलं होतं, मोर्चे रोजचेच होते, आणि नलूचा स्वतःचा जीव संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत अडकलेला होता. पण ही खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. दौलतला हलवावं तर हलवण्यानंच झटका यायचा. “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र” ही आरोळी अजून दूर होती, “झालाच पाहिजे” मात्र गडगडत इथवर पोचायला लागलं होतं. सिस्टरांनी दौलतच्या कानांवर आपले दोन्ही तळवे धरले आणि डोळ्यांनीच नलूला फाटकाकडे पिटाळलं.

ती धावली. फाटकाबाहेर पाहते तर रस्ता दिसेचना, नुसती माणसंच माणसं. पुढे झेंडा घेतलेला एक पिकल्या मिशांचा म्हातारा होता. कोकणातला असावा. नलू थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि हात जोडले. टोपी घातलेली नर्स वाटेत आडवी आलेली बघून म्हातारा थबकला, त्याच्यामागची रांग थबकली.

“मामा, पाया पडते तुमच्या, आवाज बंद करा,” नलू म्हणाली. तिला धाप लागली होती. “इथं आत, खिडकीपाशीच... तुमच्यातलाच माणूस आहे. दोन दिवस नुसता तळमळत होता हो. आत्ता कुठं शांत झालाय.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. “नाव काय गो बाय त्याचा?”

“दौलत. डिलाईल रोडला राहतो.”

“आमच्या खात्यातलो दौलत?” म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. “खूप हाल झाले काय गो?”

“बघवत नव्हतं मामा. आता मात्र अगदी शांत आहे.”

म्हाताऱ्यानं मागे वळून हात वर केला आणि ओठ हलवले. आवाज काढलाच नाही. मागचे लोक त्याच्या ओठांकडे बघत होते. नलूला हे नवीन होतं. लूम खात्यात मागांचा खडखडाट एवढा की तिथे आयुष्यभर घसा फोडून बोलणं कुणाला जमत नाही. तिथली माणसं ओठांनी आणि बोटांनी बोलतात. निरोप तसाच रांगेमागून रांगेत सरकला. घोषणा विरल्या. ढोलवाल्यानं कातडं घुमू नये म्हणून ढोल पोटाशी घट्ट धरला. टोप्या उतरल्या. आणि तो अफाट जमाव मुकाट्यानं चालू लागला.

नलूच्या अंगावर काटा आला. माणसं आपलं इतकं ऐकतात? हजारो गळे आणि त्यांतून हूं की चूं नाही! ही आपण दिलेली शांतता, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

एवढ्यात म्हातारा शेजारच्या पोराला पुढे ढकलत पुटपुटला, “धाव, दौलतच्या बायलेक सांग. बिचारी वाट बघीत असतली.” मग नलूकडे वळून म्हणाला, “बाय, सामान खंय आणूचा? हयसर की घराकडे?”

“सामान कशाला? चादरी, कपडे सगळं हॉस्पिटलचंच असतं.”

“तसला न्हय गो. बांबू नि मडका.”

आत्ता कुठं नलूला कळलं. शांत झाला! तिचे आजोबा गेले तेव्हा घरात हेच तर दोन शब्द सगळे बोलले होते. आता ते पोर डिलाईल रोडला पोचेल, आणि जित्या नवऱ्याची बायको बांगड्या फोडून घेईल. आणि इथे खरं सांगावं तर एवढी माणसं आनंदानं जो जल्लोष करतील त्यात दौलत खरोखरच जाईल. एक क्षण तिला वाटलं, मोर्चा सरेपर्यंत गप्प राहावं. पण पोर गर्दीतून वाट काढत निघालं होतं. तिनं त्याचं मनगट पकडलं.

“मामा, तो जिवंत आहे,” ती म्हाताऱ्याच्या कानाशी म्हणाली. “माझ्या बोलण्यात चूक झाली. तो झोपलाय. आवाज झाला तर मात्र मरेल.”

 म्हाताऱ्याची छाती फुगली, तोंड उघडलं. आणि विजयकरांच्या त्या मुलीनं भर रस्त्यात परक्या पुरुषाच्या तोंडावर हात दाबला.

त्यानं तो हळूच बाजूला केला. डोळ्यांत पाणी, मिशांत हसू. मग तो जमावाकडे वळला, दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले, मान कलती केली आणि ओठांवर बोट ठेवलं. पहिल्या रांगेनं ते पाहिलं, त्यांचे चेहरे उजळले, आणि त्यांनी मागे वळून तेच केलं. मग त्यांच्या मागच्यांनी. राकट हातांची, कानांत गिरणीतला कापूस अडकलेली ती माणसं एकेक करून गालाखाली तळवे धरत होती. कुणीतरी पायांतल्या वहाणा काढून हातात घेतल्या, तर बघता बघता सगळेच अनवाणी झाले. मग एका बाईनं मूठ उंचावली आणि ओठ हलवले. सगळ्या मुठी वर गेल्या, सगळे ओठ हलले. झालाच पाहिजे! ते नलूला स्पष्ट दिसलं. ऐकू आला तो फक्त फाटकावरच्या कावळ्याचा आवाज.

मेलेल्यासाठी माणसं गप्प बसतात, तो रिवाजच आहे. जित्या माणसासाठी, तोंडाशी आलेला आनंद गिळून गप्प बसणारी एवढी माणसं नलूनं कधी पाहिली नव्हती, आणि पुढेही कधी पाहणार नव्हती.

बऱ्याच वेळानं मीनाक्षी सिस्टर बाहेर आल्या. दौलत गाढ झोपला होता. “बरं झालं बाई,” त्या घाम पुसत म्हणाल्या. “मोर्चा दुसऱ्या रस्त्यानं वळला वाटतं?”

“नाही, सिस्टर. इथूनच चाललाय.”

सिस्टर फाटकापर्यंत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. मोर्चाची शेपटी अजून जात होती. शेवटच्या रांगेतला एक माणूस त्यांच्याकडे बघून हसला आणि त्यानं गालाखाली तळवे धरले. सिस्टरांनी नकळत हात जोडले.

“उठल्यावर त्याला सांगितलं तर खरं वाटेल का गं?” त्यांनी विचारलं.

“मलाच अजून वाटत नाहीये,” नलू म्हणाली.