खुणेची

महिनाभर लेकीकडं पळसदेवला राहून आक्काबाई कऱ्हाटीला परतल्या, तर काचेच्या पेटीत परका मासा! लालजांभळा, पाठीवरचा पंख नवरदेवाच्या तुऱ्यागत उभा. अन् तीन नारिंगी माद्यांपैकी एक गायब.

हे समुद्री रॅस मासे नातसून दिपालीचे, तिच्या वडिलांनी, इंदापूरच्या दादासाहेबांनी आपल्या घरच्या पेटीतून दिलेले. गेल्याच आठवड्यात दादासाहेब इथं मुक्कामाला येऊन गेले होते. मेंढरं राखण्यात आक्काबाईंची हयात गेली. दोन कळप एकत्र बसले की मेंढरू बदलतंच, हे त्यांना पक्कं ठाऊक. दिपाली कामावरून यायच्या आधीच त्यांनी फोन लावला.

"पाव्हणं, आमची मादी आणून द्या. तुमचा नटवा तुमाला लखलाभ."

संध्याकाळी दादासाहेब दारात उभे, तोंड लालबुंद. "आक्का, लेक दिलीय तुमच्या घरात. मी मासा चोरीन व्हय?"

"चोरला कोण म्हणतंय? बदलला म्हणते."

"तसं असंल, तर ह्या घरचं पाणी पुन्यांदा पिणार न्हाय!"

दिपाली मधे पडली. डोळे भरून आलेले. "आक्का, तुम्ही जायच्या आधी आपला नर पेटीबाहेर उडी मारून मेला ना? नर गेला की सगळ्यांत दांडगी मादी नर होते. रंगपण बदलतो. या माशांची रीतच आहे."

"बाईचा बाप्या? मला शिकवू नगंस! माझी मादी मी हजारात ओळखीन. डावा कल्ला जन्माचा तोकडा तिचा. म्हणून तर खुणेची म्हणते तिला."

"मग बघा की."

आक्काबाईंनी काचेला नाक लावलं. जांभळा मासा डौलात पुढून गेला, उजवी बाजू दाखवून. मग सावकाश वळला. डावा कल्ला तोकडा. आतली लाल झालर साफ दिसत होती.

दादासाहेब उगीच खाकरले.

'चुकलं' हा शब्द आक्काबाईंच्या तोंडाला ठाऊकच नव्हता. त्या उठल्या, ट्रंकेतून कोरी टॉवेल-टोपी काढली अन् टोपी स्वतःच्या हातानं दादासाहेबांच्या डोक्यावर ठेवली.

"हा मान कशाचा, आक्का?"

"गप बसून घ्या. दिपे, बापाला पाणी दे. कोंबडं कापायला सांग."

दादासाहेबांनी तांब्या तोंडाला लावला, तशी दिपाली हसली. "आक्का, आता हिला नवं नाव ठेवायचं का?"

"कशाला? म्हातारा गेल्यावर घरचा कारभार माझ्या हाती आला, तवा माझं नाव बदललंवतं का? खुणेचीच म्हणायचं!"