पाचचे थेंब, सातचे थेंब

"बाबा, बोक्याला ताप आला की रजा आईचीच का पडते?"

हा प्रश्न मुळात माझा नव्हे. तो माझ्या दोन मैत्रिणींचा, लंबू आणि रेडिओचा. मधल्या सुट्टीत रेडिओ म्हणाली, "तू घरी हे विचारूच शकत नाहीस. लाव पैज." मी कशाला मागे हटतेय? वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून मला कुणाचीच भीती वाटत नाही, गणिताच्या बाई सोडून.

बाबा हात धूत होते. ते लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे ग्रीस थेट कोपरापर्यंत.

"लिफ्टमध्ये माणसं अडकतात गं," ते म्हणाले.

"आणि आईच्या बसमध्ये काय बटाटे बसतात?"

आतून आईचं हसू ऐकू आलं. बाबा नखांतलं ग्रीस काढत राहिले. पैज मी जिंकले, उत्तर काही मिळालं नाही.

बोका म्हणजे माझा भाऊ. झोपेत घरघर करतो म्हणून बोका. मी नववीत असताना तो झाला. यावर घरात विनोद केलेले चालत नाहीत, म्हणून मी ते शाळेत करते. आईची बाळंतपणाची रजा संपली, बोका पाळणाघरात जायला लागला आणि तेव्हापासून त्याचं नाक जे सुरू झालंय ते बंद व्हायचं नाव नाही. सर्दी, मग खोकला, मग डोळे आले, मग जुलाब, मग पुन्हा सर्दी. तिथे सगळी मिळून एकच रबरी हत्ती चोखतात, दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणतात, सुरुवातीचं वर्ष असंच जायचं. म्हणायला त्यांचं काय जातं?

आई शहर बस चालवते, पण अजून कायम झालेली नाही. बोक्यापायी तिच्या बऱ्याच दांड्या झाल्या होत्या. डेपोच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की शुक्रवारी शेवटची चाचणी आहे, तपासनीस दिवसभर बसमध्ये बसणार, आणि त्या दिवशी आली नाहीस तर पुन्हा यायची गरज नाही.

बुधवारी संध्याकाळी बोक्याचं अंग कोमट लागलं. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे ताप हा शब्द उच्चारला की तो वाढतो असा समज आहे.

पाळणाघराच्या दारात मावशी प्रत्येक बाळाच्या काखेत थर्मामीटर लावतात. ताप निघाला की बाळ आल्या पावली परत. गुरुवारी आई पहाटे पाचला पहिल्या फेरीसाठी निघून गेली. सातला बाबांनी बोक्याला तयार केलं, तापाच्या औषधाचे थेंब त्याच्या तोंडात सोडले आणि त्याला माझ्या कडेवर दिलं. शाळेत जाता जाता त्याला सोडायचं काम माझं.

"मावशींनी विचारलं तर सांग," बाबा म्हणाले. "आपणहून भाषण नको."

मावशींनी विचारलं नाही. थर्मामीटरही गप्प राहिला.

तिसऱ्या तासाला शिपाईकाका मला ऑफिसात घेऊन गेले. फोनवर मावशी होत्या. आईचा फोन कामाच्या वेळी डेपोच्या कपाटात असतो, बाबा लिफ्टच्या खड्ड्यात असले की त्यांना रेंज नसते. म्हणून तिसरा नंबर शाळेचा.

"बाळ मलूल झालंय. अंग तापलंय, मान टाकतंय. मी दवाखान्यात नेतेय, तू ये."

दवाखाना शाळेच्या मागच्याच गल्लीत. मी पळतच गेले. एरवी बोका मला बघितलं की माझी वेणी ओढायला झेपावतो. तेव्हा त्याने नुसतं पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. डॉक्टरांनी ड्रॉपर भरून हातात धरला होता.

"सकाळपासून काही औषध दिलंय का?"

"बाबांनी सातला थेंब दिले," मी म्हटलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं दातांचं चित्र पाहिलं.

"साडेतीन तास झाले," डॉक्टर म्हणाले. "थोडं थांबून देऊ."

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. डेपोने आईला शेवटच्या थांब्यावर निरोप पोचवला होता, ती कंडक्टरच्या फोनवरून बोलत होती. मावशींनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला, मागे बसचं इंजिन धडधडत होतं.

"डॉक्टर, मी पाचला दिलेत थेंब. निघताना."

डॉक्टरांनी ड्रॉपर खाली ठेवला. मग बोक्याचं वजन करून कागदावर काहीतरी आकडेमोड केली. मी बोक्याचा पाय धरून बसले होते. पाय गरम होता, ते त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"घाबरू नका. औषधाचं प्रमाण धोक्याच्या आत आहे," ते म्हणाले. "पण तिसऱ्यांदा आत्ता माझ्याच हातून गेलं असतं. संध्याकाळपर्यंत थेंब बंद. इथेच बसवा याला तासभर."

मग त्यांनी कानात बॅटरी मारून बघितलं. कान आतून लालबुंद होता. आठवडाभर पाळणाघर नाही, वेगळं औषध, आणि घरात कुणीतरी सतत जवळ हवं.

संध्याकाळी बोका बाबांच्या खांद्यावर झोपला होता, घरघर पुन्हा सुरू झाली होती. आई अजून गणवेशातच होती.

"मला सांगायचंस तरी," बाबा म्हणाले.

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, नको पाठवायला, तूच थांब."

"मी असं म्हटलं असतं?"

"दर वेळी म्हणतोस."

बाबांच्या हाताखाली दोन जण आहेत. बाबा मित्राच्या लग्नाला चार दिवस गेले होते तेव्हा शहरातली एकही लिफ्ट लटकून राहिली नव्हती. हे मी बोलले नाही, पण जिभेवर होतं.

मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात त्यांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं.

"उद्या शाळेत विशेष काही नाही ना गं?" बाबांनी विचारलं.

"एकच दिवस," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता. "ताईचं तो ऐकतो."

बोक्याची घरघर ऐकू येत होती. मी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले.

"उद्या मी शाळेत जाणार आहे," मी म्हटलं. "आई बसवर जाणार आहे. बोक्याजवळ बाबा राहणार आहेत, उद्याही आणि पुढचा आठवडाभरही. आणि बाबा, तुमच्या साहेबांना फोन आत्ताच करा, मी इथेच उभी आहे."