चार नंबरची जबानी

मी लातूरच्या एका नेट कॅफेतला चार नंबरचा कॉम्प्युटर बोलतोय. शप्पथ घेऊन सांगतो, पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझा जन्म जपानचा. म्हणजे खोक्यावर तसं छापलं होतं; खोकं दुसऱ्याच कुणाचं होतं. नांदेडच्या एका दुकानात तीन मेलेल्या यंत्रांचे अवयव जोडून मला उभं केलं, आणि कॅफेच्या मालकानं, ताहेरनं, मला गोधडीत गुंडाळून एसटीच्या मागच्या सीटवरून आणलं. वाटेतलं लोहा गाव ओलांडेपर्यंत माझे दोन स्क्रू पडले. तेव्हापासून माझ्या बोलण्यात जरा इकडचं तिकडं होतं. बाकी सगळं खरंच.

ते दिवस क्लासेसचे. देवणी, नायगाव, निलंगा, कुठूनकुठून पोरं-पोरी पत्र्याची पेटी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन डॉक्टर व्हायला येत. एका खोलीत पाचजण. रडायलाही जागा नाही. मग ती माझ्यासमोर येऊन बसत.

माणसं माणसापुढं आवाज खाली करतात, माझ्यापुढं सगळं उघडं करतात. एकीनं मला मानेवरच्या पांढऱ्या डागाचं विचारलं. एक पोरगा दर शनिवारी विचारायचा, डॉक्टर न होता जगता येतं का? मला काय ठाऊक! मी फक्त ठेवून घ्यायचो. मी काही विसरत नाही, असं सांगूनच दुकानदारानं मला विकलं होतं.

मग वरून फर्मान आलं. येईल त्याचं नाव, फोन, ओळखपत्र रजिस्टरात लिहा. आडोशाच्या फळ्या कंबरेपर्यंत कापा. कॉम्प्युटरचे पडदे सगळ्यांना दिसतील असे फिरवा. कागद आणणारा शिपाई म्हणाला, "चांगल्या माणसाला कशाचं भ्या हो?"

रजिस्टर काउंटरवर उघडंच असायचं. टवाळ पोरं त्यातनं पोरींचे नंबर टिपून घ्यायची, आणि संध्याकाळी पोरींच्या खोल्यांवर मिस्ड कॉलचा पाऊस. एका पोरीनं दोनदा नंबर बदलला, तिसऱ्यांदा गावच गाठलं.

यावर तोड काढली जाहिदाचाचीनं. ताहेरची बायको. दुपारी दोन ते चार, पोरींच्या वेळेला काउंटरवर तीच बसायची.

"नाव नका लिहू गं तुमचं. मी लिहिते."

तेव्हापासून प्रत्येक पोरीच्या ओळीवर एकच नाव: जाहिदा ताहेर. ओळखपत्रही तिचंच. रजिस्टर खरं मानलं तर ही एकटी बाई एकाच वेळी पाच यंत्रांवर बसायची. महिन्याला शिक्का मारायला येणाऱ्या जमादारानं ते कधी वाचलंच नाही.

अयोध्या दर रविवारी माझ्यापाशी यायची. निलंग्याकडची. भूकंपात तिची आई, कावेरीबाई, गेली तेव्हा ही दोन वर्षांची. पोरीनं आईच्या नावानं एक मेलचं खातं उघडलं होतं. त्यावर पत्र पाठवायची. 'आई, आज जीवशास्त्रात बेचाळीस पडले. मेसचं वरण पातळ असतंय.' मग स्वतःच ते खातं उघडून वाचायची. पोचलं, एवढं तरी कळावं म्हणून.

एका रविवारी तिनं वेगळं पत्र लिहिलं. एका मोठ्या क्लासचे सर बारावीच्या परीक्षेचा पेपर आदल्या दिवशी निवडक पोरांना वाटायचे. तिनं स्वतः पाहिलं होतं. तक्रारीसाठी सरकारचाच एक पत्ता होता. खाली लिहिलेलं, 'नाव गुप्त राहील'. तिनं नाव घातलंच नाही.

"चाची, पाठवू का?"

"खरं हाय ना? मग पाठव की."

तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत दोघंजण आले. पेपर कुणी वाटला, हे त्यांनी विचारलं नाही. पत्र कुणी लिहिलं, ते विचारलं. कॅफे, यंत्र, वेळ, सगळं त्यांना माहीत होतं. राहिलं होतं फक्त नाव. त्यांनी रजिस्टर उघडलं.

"चला बाई."

ताहेर मधे पडला. "साहेब, तिला माउस धरता येत न्हाई!"

"येतो की," चाची म्हणाली. "मीच पाठिवलं."

"काय पाठिवलं?"

"कागद."

"कुठं होता कागद?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्याच्या पोटात."

दोघं खो-खो हसले. पण जीपमध्ये चाचीला आणि मला, दोघांनाही घातलं. ती बाकड्यावर, मी तिच्या पायाशी.

ठाण्यात संध्याकाळपर्यंत तेच. तुमची संघटना कोणती? नांदेडला कोण हाय? बाहेरच्या देशात कोण हाय? चाचीचं एकच उत्तर, "मीच पाठिवलं." शेवटी मला टेबलावर घेतलं. वायर लागली तशी मी अंगातली सगळी उष्णता एकवटली. धूर निघाला, साहेब खुर्चीसकट मागं पडले, माझ्या पोटातली तबकडी जळून राख झाली. पुरावा नाही म्हणून चाची सुटली. अयोध्या आज नांदेडला डॉक्टर आहे.

मी मुद्देमालाच्या खोलीत आहे. गळ्यात चिठ्ठी, अंगावर पालीची अंडी. माझ्या जातीच्या यंत्रांना घडवणाऱ्यांनो, एक मागणं आहे. आठवण कमी द्या. विसरायला शिकवा.

आता थाप कुठली, तेही सांगून टाकतो. धूर निघाला नाही. मी जळालो नाही. मी सगळं दिलं. नुसतं ते पत्र नव्हे; पांढरा डाग, शनिवारचा पोरगा, बेचाळीस मार्क, पातळ वरण. त्यांनी मोठ्यानं वाचलं. कावेरीबाईपाशी थांबले. "हिला सगळं कळवून राहिलीय पोरगी. उचला हिला!" एक शिपाई गावाला जाऊन आला, आणि त्यानं कागदावर तिच्या नावापुढं 'मयत' असं लिहिलं. नाव मात्र खोडलं नाही.

अयोध्येचं नाव त्याच संध्याकाळी क्लासच्या सरांकडं पोचलं. सकाळी तिची पेटी निलंग्याच्या एसटीवर होती. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा नऊ दिवसांवर होती. ती डॉक्टर झाली, ही दुसरी थाप. चाची सुटली, तेवढं खरं.

जाहिदाचाचीनं दिवसभर जे नाव तोंडातून काढलं नाही, ते मी साहेबांचा चहा निवायच्या आत सांगितलं. मला कुणी दमसुद्धा दिला नव्हता.