शीतघराबाहेरच्या चपला

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मिरकरवाडा बंदरातल्या मासळीच्या एका शेडमध्ये, शीतघराच्या दाराला लटकून मी चौदा वर्षं काढली. खाऱ्या हवेने अंगावर हिरवे डाग पडलेत. पण एके काळचा माझा तोरा काही विचारू नका.

गेल्या वर्षी शेडमधून कोळंबीचे सहा ट्रे चोरीला गेले. शेठनी बजावलं, "शीतघराचं दार उघडं दिसता कामा नये." वॉचमन हरिश्चंद्रमामा जाता-येता मला लावू लागले. मला रोज तेल मिळू लागलं. "आता आम्ही निर्धास्त," असं शेठ पाहुण्यांना सांगत आणि मी फुगून जाई.

मग तो शुक्रवार आला. दुपारी पुरुष जुम्म्याच्या नमाजाला गेले, बायका डबे घेऊन मागे बसल्या. मामांनी मला खटकन लावलं आणि किल्ली खिशात टाकून ते जेवायला घरी गेले. आत मागच्या रांगेत चंपावहिनी ट्रे रचत होत्या.

जरा वेळाने दारावर थापा पडू लागल्या. दार जाड, त्यात मशीनची घरघर. बाहेर कुणाला काही ऐकू गेलं नाही. मला मात्र प्रत्येक थाप अंगभर जाणवत होती, आणि उघडणं माझ्या हातात नव्हतं. हळूहळू थापा विरळ झाल्या.

हात धुवायला आलेल्या ताजबीचाची दारापाशी थबकल्या. आत जाताना बायका चपला बाहेर काढून गमबूट घालतात.

"अगो, चंपाच्या चपला हितं कशा?"

"चाची, तुम्ही लोकांच्या चपला मोजताय काय?" सोबत आलेली महरीन हसली.

"मोजतंय. आमच्या मोहल्ल्यातले अर्धे पुरुष गल्फला. शेजारणीच्या दारातल्या चपला बघूनच कळतं, घरात कोण हाय, कोण नवखं आलंय. धाव, हरिश्चंद्राला घेऊन ये."

दार उघडलं तेव्हा वहिनींचे ओठ निळे पडले होते. चाचींनी त्यांना आपल्या ओढणीत गुंडाळलं. मामा तिथेच खाली बसले. "मी हाक मारली नाय गो," एवढंच म्हणत राहिले.

सोमवारपासून मोहल्ल्याची रीत शेडमध्ये आली. प्रत्येकीने आपल्या उजव्या-डाव्या बाजूच्या बाईवर लक्ष ठेवायचं. अनोळखी माणूस दिसला, की गोड आवाजात विचारायचं, "कोणाकडे आलात?" महिन्याभरात एकाला महरीनने असंच विचारलं. तो हातातला ट्रे ठेवून निघून गेला. मी नुसता बघत होतो. चौदा वर्षांत मला एकालाही काही विचारता आलं नव्हतं.

आता दाराला बोटाच्या ठशाचं नवं कुलूप आहे. मी चपलांच्या वरच्या खिळ्याला टांगलेला असतो. तेल कुणी घालत नाही, त्याचं थोडं वाईट वाटतं. पण वहिनी येता-जाता मला हात लावतात, रागाने नव्हे.

मित्रांनो, शाळा असो, दुकान असो, कुठलंही दार लावण्याआधी आत एक हाक मारा. आणि उत्तर येण्याइतकं थांबा.