कुंडीतली कुंडी

दादाच्या दिवाणखान्यात शिरलं की आधी कुंडी दिसते, मग दादा. निळी, चकचकीत, गुडघ्याएवढी. तिच्यात आईचं रबराचं झाड. आई गेल्यावर दादानं ते उचलून नेलं, "तुझ्या घरात उजेड नाही," असं म्हणत. मी वाद घातला नाही. आईच्या हातचं तेवढंच एक जिवंत उरलं होतं. कुठंही जगलं की झालं.

या खेपेला पाहते तर जेमतेम तीन पानं, तीही पिवळी.

"दादा, कुंडी कधी बदललीस याची?"

"दोन महिने झाले. मुळांना जागा द्यावी गं. जागा मिळाली की झाड आपोआप बहरतं."

"परवा शेजारच्या बायकांना तासभर हेच सांगत होते," वहिनी आतून म्हणाल्या. "दोघी तर पेंगल्या."

मी खोड धरून जरा हलवलं, तर सगळंच वर आलं. जुन्या प्लास्टिकच्या कुंडीसकट. खाली निळ्या कुंडीत वीतभर पाणी, नाकाला रुमाल लावावा असं.

"हे काय?"

"कुंडी."

"आणि हे?"

"तीही कुंडीच. बदललीच की मी. आधी ती दिसायची, आता ही दिसते."

वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात. मला ती म्हण आवडत नाही. कीर्तनाला फुकटचा बट्टा. बुवा निदान उभे राहून घाम तरी गाळतात. दादाचं निरूपण सोफ्यावर बसून, आणि आख्यानाच्या जागी सडकं पाणी.

वर्तमानपत्र पसरून मी प्लास्टिक कात्रीनं कापलं. मुळं एकमेकांना विळखे घालून दोरखंड झालेली, बुडाशी काळी. काळी तेवढी छाटली.

"अगं, मुळं कापतेस? मरेल ते."

"मारायचं काम तू करून ठेवलंयस. मी उठवतेय. या निळीला भोक कुठंय?"

"एवढ्या देखण्या कुंडीला भोक कोण पाडतं?"

वहिनींनी मोरीतून बादली आणली. "ही चालेल? पण गळकी आहे हो."

"गळकीच हवी, वहिनी."

खाली खापऱ्या, वर कोरडी भुसभुशीत माती. झाड उभं केलं आणि बादलीची कडी धरून उठले.

"नेतेस? मग माझी कुंडी रिकामी दिसेल."

"पहिल्यापासून रिकामीच होती, दादा."

माझ्या त्या अंधाऱ्या घरात पाचव्या आठवड्यात शेंड्याला लाल कोंब आला. वहिनींना फोनवर सांगितलं, तर दादानं फोन ओढून घेतला. "बघ. मी म्हटलंच होतं, कुंडी बदलली की झाड धरतं."

"हो रे, म्हणाला होतास."

निळ्या कुंडीत आता ओल्या छत्र्या ठेवतात. भोक नसल्यानं फरशी कोरडी राहते, असं वहिनी सांगत होत्या. जागा मिळाली की बहर येतो, हे दादाचं काही अगदीच खोटं नाही.