साहेबांना गुळगुळीत रणगाडा हवा होता

संग्रहालयाच्या साहेबांनी त्याच्या रणगाड्याला खोटं बोलायला लावलं, आणि स्वतः नामानिराळे राहिले. सँडपेपर त्याच्याच हातांनी फिरला.

गल्लीत त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यातल्या जर्मन रणगाड्याची प्रतिकृती त्याने एकास पस्तीस प्रमाणात बनवली होती. एकमेकांत घुसलेली चाकं, घाईत मारलेला अर्धवट रंग, खालून डोकावणारा प्रायमरचा तांबडा अस्तर-थर. पण जीव ओतला होता तो वेल्डिंगच्या जोडांवर. पुट्टीची बारीक वळी जोडावर बसवायची आणि ओली असतानाच सुरीच्या टोकाने टोचत जायचं. जुन्या फोटोंत ते जोड वेडेवाकडे होते, म्हणून त्यानेही वेडेवाकडेच केले. तेव्हा तिथल्या कारखान्यांत पकडून आणलेली माणसं जुंपलेली असत. उपाशी हात थरथरणारच. काहींनी मुद्दामही थरथरवले असतील.

साहेब म्हणाले, “गबाळं दिसतंय हो. घासून घ्या. उद्घाटनाला मोठी माणसं येणार.”

आणि संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात जागा मिळण्याच्या हावेपायी यानेही मुकाट घासलं!

तेव्हापासून त्याला घास गोड लागेना.

“अहो, बसा की एका जागी,” बायको वैतागली. “अंगात आल्यासारखे काय फिरताय? वीतभर प्लास्टिकसाठी?”

“प्लास्टिक माझं गं. जोड त्यांचे होते.”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. “मग माझी फरशी का झिजवताय? जाऊन त्या साहेबाचं डोकं खा!”

तो गेला. उद्घाटन नुकतंच उरकलं होतं. कपाटाभोवती कडक इस्त्रीचे कपडे दाटले होते. आत रणगाडा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. खाली पाटी: ‘उत्कृष्ट जर्मन कारागिरी’.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“साहेब, कपाट उघडा. जोड पुन्हा घालायचेत.”

“अहो मिलिमीटर, आत्ता?” साहेब पाहुण्यांकडे बघत हसले. “इतकं बारीक बघतंय कोण?”

“मी बघतोय. घासला मी, गुन्हा माझा. पण ही पाटी तुमची.” त्याचा आवाज चढला. पाहुणे वळले. “गुरासारखं जुंपून ज्यांच्याकडून हे जोडून घेतलं, ती माणसं कुठे आहेत या पाटीत? हसू नका साहेब. कारागिरी कुणाची? या सगळ्यांसमोर सांगा, कुणाची?”